मळ्यातलं घर आणि कमी पाण्याचं अंगण: लळिंगच्या पायथ्याच्या नोंदी

धुळ्याहून मालेगावच्या रस्त्याला लागलं की लळिंगचा किल्ला लागतो. त्याच डोंगरांच्या पायथ्याशी आमचा मळा आहे आणि मळ्यात आजेसासऱ्यांनी बांधलेलं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर. घराभोवतीची वीस गुंठे जागा कधी पिकाखाली नव्हती. वरच्या अंगाला मुरूम, खाली काळी, मध्ये दोन्ही मिसळलेली. तिथे असं अंगण करायचं होतं, ज्याला काही वर्षांनी पाणी द्यावंच लागू नये. असंच काम काढणाऱ्या काही जणांनी विचारलं म्हणून वहीतल्या नोंदी उतरवते आहे. खर्चाचे आकडे आमच्या भागातले आणि त्या त्या महिन्यातले आहेत.

१४ मे २०२३

झाडांची यादी करण्याआधी जमीन उघडून पाहिली. उतारावर वरपासून खालपर्यंत कमरेइतके खड्डे घेतले आणि संध्याकाळी प्रत्येकात दोन बादल्या पाणी ओतलं. वरच्या मुरमातलं पाणी चहा होईपर्यंत जिरलं. खालच्या काळीतलं सकाळी उठून पाहिलं तरी होतं. त्यामुळे एकच झाड सगळीकडे लावायचं नाही, हे तिथेच ठरलं.

पाण्याचा हिशेबही आजच केला. आमचा बोअर एप्रिलपर्यंत बरा चालतो. मेमध्ये तासभर पाणी देतो आणि मग हवा मारतो. टाकीत मोजलं तर त्या तासाचे पंधराशे लिटर भरले. घर, दोन म्हशी आणि अंगण, सगळं त्यातच बसवायचं. धुळ्यातल्या एका ठेकेदाराने आराखडा दिला होता: चार हजार चौरस फूट कारपेट लॉन, कडेने पाम, मधोमध कारंजं. चित्र देखणं होतं. पण लॉनला उन्हाळ्यात रोज सहा मिलिमीटर पाणी धरलं तरी दिवसाला दोन हजार दोनशे लिटर होतात, आणि कारंजं वेगळंच. आराखडा परत दिला.

आमच्याकडे वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत, बराचसा मोजक्या जोराच्या सरींमध्ये. पडवीवर पाचशे चौरस फूट पत्रे आहेत. पंचवीस मिलिमीटरची एक सर झाली की त्यावरून जवळपास हजार लिटर पाणी उतरतं, वर्षाचे वीस हजार. आजवर ते सगळं ओट्याखालची माती घेऊन नाल्याला जात होतं.

२८ मे २०२३

जेसीबी लावला, तासाला १,२०० रुपये. मुरमात तीन फूट लांब, रुंद, खोल असे खड्डे घेतले. जेसीबीवाला म्हणाला, काळीतही असेच घेऊन टाकू, मशीन आलंच आहे. नको म्हटलं. काळी मुरमासारखी टणक नाही, तिथे दीड फुटाचा खड्डा कुदळीने पुरतो. मोठा घेतला तर पावसात माती बसते आणि रोप खड्ड्याच्या तळाला जातं.

उताराला आडवे, फूटभर खोल चर काढले. समपातळी काढायला इंजिनिअर बोलावला नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांना दोघं उभे राहिलो, गवंडी धरतात तशी. चर कसे काढावेत हे साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला पाहिलं होतं. चैत्राम पवारांनी गावाला बरोबर घेऊन जंगल राखलं, डोंगरावर समतल चर खणले, आणि तिथला झरा उन्हाळ्यातही वाहतो. आमचे वीस गुंठे म्हणजे त्यापुढे काहीच नाही, पण पाणी उतारावर अडवायचं तत्त्व तेच.

खड्ड्यात भरायला जवळच्या पाझर तलावातला गाळ आणला. गाळ फुकट, वाहतूक आपली, ट्रॉलीला ९०० रुपये. काळाभोर गाळ बघून सगळ्यांना आनंद झाला. जिभाऊ तेवढे गप्प होते. ते शेजारच्या मळ्याचे, सत्तरीपुढचे, आणि गप्प राहणं हा त्यांचा स्वभाव नाही. तेव्हाच विचारायला हवं होतं.

१० जून २०२३

मृग निघाला, पाऊस नाही. तरी अंजनाचं बी टाकून घेतलं. अंजन हे आपल्या खानदेशातल्या कोरड्या डोंगरांचं झाड, मुरमात आणि खडकाच्या फटीत वाढणारं. एप्रिल-मेमध्ये चपट्या, पंखासारख्या शेंगा गळतात; एका शेंगेत टोकाला एकच बी. किल्ल्याच्या वाटेवरच्या झाडांखालून पोतंभर गोळा केल्या होत्या. प्रत्येक जागेवर चार-पाच शेंगा, बोटभर खोल.

शिवाय नर्सरीतून अंजनाची सहा तयार रोपंही आणली. दोन्ही शेजारी शेजारी लावली, काय फरक पडतो बघायला.

बाकी लावलेलं: मुरमात सीताफळ, हिवर, पळस, शेवगा आणि तरवड, मधल्या पट्ट्यात बहावा, आपटा आणि करवंद, काळीत बाभूळ, चिंच, शमी आणि करंज. पश्चिमेला वाऱ्याच्या तोंडाला निर्गुडी. धुळ्याचा वारा ज्यांनी खाल्लाय त्यांना सांगायला नको. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या काही उगाच उभ्या केलेल्या नाहीत. मेमधला वारा ऊन सोसणारं रोपही वाळवून टाकतो. गुलमोहर एकही नाही. लवकर वाढतो हे खरं, पण वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडतात आणि आमच्याकडे त्याच्याखाली म्हशी बांधतात.

१६ जुलै २०२३

पाऊस उशिरा आला. मुंबई आणि दिल्लीत मान्सून २५ जूनला एकाच दिवशी पोचल्याची बातमी होती; आमच्याकडेही खरी सुरुवात त्यानंतरच. पण आल्यावर आठवडाभर बरा झाला आणि मुरमातले शेवगे पिवळे पडायला लागले. पाणी नाही म्हणून असेल असं समजून सालदाराने (वर्षाच्या बोलीवरच्या गड्याने) आणखी एक बादली घातली.

एक शेवगा उपटला. मुळं काळी, वास मारत होती. खड्ड्याच्या भिंती टणक मुरमाच्या, आत चिकट गाळ, म्हणजे प्रत्येक खड्ड्याची कुंडी झाली होती, तीही खाली भोक नसलेली. पाणी आजूबाजूच्या मुरमातून आत येतं आणि गाळ ते सोडत नाही. जिभाऊ आले, काठीने गाळ उकरून म्हणाले, "ताई, इतला गाळ कसाले भरा?"

उपाय केला तो असा. खड्ड्याची उताराकडची बाजू पहारीने तळापर्यंत फोडली आणि फोडलेल्या फटीत दगड भरले. अर्ध्याहून जास्त गाळ बाहेर काढला. आता प्रमाण एक पाटी गाळ, तीन पाट्या निघालेलाच मुरूम, एक पाटी शेणखत. काम दोन मजुरांकडून आठवडाभर चाललं, साडेपाच हजार रुपये गेले. शेवगे आणि सीताफळं मिळून निम्मी रोपं गेली ती गेलीच. हिवर आणि पळस काही झालंच नसल्यासारखे उभे होते.

गाळाबरोबर आलेला दुसरा पाहुणा म्हणजे लव्हाळा, आणि त्याच्या मागोमाग हरळी. गाजर गवत तर आधीपासून होतंच, ते फुलायच्या आत उपटलं की आटोक्यात राहतं. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत खोल असतात, वरून खुरपलं की दुप्पट येतो. हरळी हातात धरून जिभाऊंनी निकाल दिला: "आते हाई काही जात नही." हे उतरवताना दोन वर्षं झाली, त्यांचं म्हणणं अजून खोटं ठरलेलं नाही.

३० ऑगस्ट २०२३

महिना कोरडा गेला. देशात १९०१ पासूनच्या नोंदीत इतका कोरडा ऑगस्ट झाला नाही म्हणतात. कपाशी माना टाकून आहे, मग अंगणाला पाणी मागायची लाज वाटते.

मडकी पुरली. प्रत्येक रोपापासून हातभर अंतरावर एक, गळ्यापर्यंत जमिनीत, तोंडावर कौलाचा तुकडा. कुंभाराला सांगताना दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतात: वरून रंग किंवा गेरू नको, आणि फार कडक भाजलेलं नको. पहिली खेप त्याने चांगली म्हणून खणखणीत भाजलेली दिली; त्यातलं पाणी चार दिवसांनी तेवढंच होतं. दुसऱ्या खेपेची मडकी दोन-तीन दिवसांत रिकामी होतात. नग ९० रुपये. मुरमात ओल पसरत नाही, म्हणून मडकं रोपाच्या वरच्या बाजूला पुरायचं. काळीत कुठल्याही बाजूला चालतं.

बोअरचं पाणी जड आहे, चहाच्या भांड्याला पांढरा थर धरतो. तोच थर मडक्यालाही आतून धरतो आणि पाझर मंदावतो. दर दोन महिन्यांनी काथ्याने घासायचं. पावसाचं साठवलेलं पाणी मडक्यात घातलं तर हा त्रास नाही, पण तेव्हा टाकीच नव्हती.

१९ नोव्हेंबर २०२३

अंजनाची नोंद. शेंगांतून उगवलेली रोपं टीचभर झाली होती, ती आता वरून वाळली. सालदाराच्या बायकोने मेली म्हणून चार-पाच उपटली. एक उपटताना तुटलं नाही, म्हणून बघायला मिळालं: वर टीचभर काडी आणि खाली हातभर मूळ. अंजन पहिली काही वर्षं असंच करतं. वरचा शेंडा वाळवतं, मूळ खाली नेत राहतं, पावसात पुन्हा फुटतं. बाकीच्यांभोवती दगडांचं कडं केलं आणि घरात सगळ्यांना सांगितलं की काडी दिसली तरी हात लावायचा नाही. नर्सरीची सहा रोपं मात्र हिरवीगार, गुडघ्याएवढी. येणारे-जाणारे त्यांचंच कौतुक करतात.

२१ जानेवारी २०२४

फरशीची वाट फुटली. फाटकापासून ओट्यापर्यंतची वाट गेल्या जूनमध्ये शहाबादी फरशीने केली होती, निम्मी मुरमावर, निम्मी काळीवर. काळी पावसात फुगते आणि हिवाळ्यापासून भेगाळते, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. गवंड्याचं म्हणणं होतं की चार इंच रेती टाकली की काही होत नाही. पावसाळ्यात फरश्या वर आल्या, आता भेगांत खाली गेल्या. मधे पाय अडकून आई पडल्या. थोडक्यात निभावलं.

काळीवरची सगळी वाट उखडली. दोन फूट माती काढून मुरूम भरला, पाणी मारून थराथराने धुम्मस केला. वर फरशी न घालता फक्त बारीक मुरूम आणि मधे पावलापुरते दगड. दगड हलले तर हाताने सरळ करता येतात. आधीचे अठ्ठावीस हजार बुडाले, वर हे चौदा हजार. काळीवर काहीही पक्कं करायचं असेल तर आधी माती बदलायचे पैसे धरा. नाहीतर वाट कच्चीच ठेवा.

१० मार्च २०२४

आच्छादनाचा प्रयोग. कपाशीच्या पऱ्हाट्या गावात जाळून टाकतात, त्या तोडून आळ्यात पसरल्या. ओल छान टिकली. तीन आठवड्यांनी वाळवी लागली आणि पऱ्हाट्या संपल्यावर ती बहाव्याच्या सालीकडे वळली. आच्छादन खोडापासून वीतभर मागे ओढलं आणि खोडांना बोर्डो पेस्ट लावली: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादलीत भिजवून मग एकत्र करायचं. लोखंडी भांडं नको.

भुईमुगाची टरफलंही टाकून पाहिली. ती वाऱ्याने जिभाऊंच्या खळ्यात गेली.

दक्षिणेच्या भिंतीलगत काळी खडी पसरली होती, नेटकी दिसते म्हणून. तिच्यातली कोरफड तांबडी पडली. दुपारी खडीला हात लावून पाहिला, टेकवत नाही. रात्री उशिरापर्यंत भिंत आणि खडी दोन्ही धग सोडतात. खडी उचलून गाडीवाटेच्या खड्ड्यात टाकली. भिंतीलगत आता तरवड वाढतोय आणि त्याच्या सावलीत कोरफड पुन्हा हिरवी झाली. तरवडाला शेळ्याही सहसा तोंड लावत नाहीत, कुंपण होईपर्यंत ही मोठी सोय.

१२ मे २०२४

परवा अखाजी (अक्षय तृतीया) झाली. आमच्याकडे सालदाराचं साल अखाजी ते अखाजी. जुना सालदार गावी परतला, नवा आला. माणूस कष्टाळू आहे. त्याला सांगितलं की झाडांना आठवड्यातून एकदाच पाणी, पण भरपूर. त्याने मान डोलावली.

२६ मे २०२४

डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली. पाच दिवस लाइट नाही, पारा ४३-४४. चौथ्या दिवशी ठिबकवरची झाडं माना टाकून बसली, मडक्यांवरची ठीक होती. असं का, हे बघायला एका करंजाची माती उकरली तर वरच्या वीतभर थरात मुळांची जाळी, खाली काहीच नाही. मग सालदाराला विचारलं. "आठवडाभर पानी नही दिलं तर झाड मरी जाई ना ताई," असं म्हणून तो दया येऊन रोज संध्याकाळी अर्धा तास ठिबक सोडत होता. पण मुळं पंधरा दिवसांत अशी होत नाहीत. मागची वही काढली: हिवाळ्यात आम्हीही एक दिवसाआड सोडत होतो, सोयीचं म्हणून.

रोज थोडं पाणी मिळालं की मूळ खाली जायचं कारण राहत नाही. अशी झाडं आपण असेपर्यंत जगतात. सगळ्या कामातली ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते: किती पाणी द्यायचं हे सगळे विचारतात, बंद कधी आणि कसं करायचं हे कुणी विचारत नाही.

बदल असे. चार इंची पीव्हीसी पाइपचे दोन फुटी तुकडे, तासाला चार लिटरचा ड्रिपर त्यातच. पाइपला बाजूने भोकं पाडून आत खडी भरायची आणि खोडापासून दीड फुटावर उभे गाडायचे. मुरमात एका झाडाला तीन, काळीत एक पुरतो. पाणी थेट दोन फूट खाली जातं, वर माती कोरडी राहते, त्यामुळे तणही कमी. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला वीस लिटर, दुसऱ्यात पंधरा दिवसांनी चाळीस, तिसऱ्यात फक्त एप्रिल-मेमध्ये महिन्यातून एकदा, मग बंद. मुख्य वॉल्व्हला कुलूप लावलं. सालदाराला त्याचा राग आला नाही, उलट संध्याकाळ मोकळी झाली म्हणाला.

नर्सरीच्या अंजनांपैकी चार या आठवड्यात गेले. उपटून पाहिले. पिशवीच्या तळाशी मूळ वळून वळून गुंडाळी झालं होतं आणि दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावरही ते पिशवीच्या आकाराबाहेर गेलं नव्हतं.

७ जुलै २०२४

पडवीच्या पत्र्याखाली पन्हाळ लावून पाणी दहा हजार लिटरच्या जमिनीखालच्या टाकीत घेतलं. विटांचं बांधकाम, आतून वॉटरप्रूफ प्लास्टर, एकूण ७८,००० रुपये. पहिल्या पावसाचं पाणी धूळ, पानं आणि पाखरांची घाण घेऊन येतं; ते बाहेर सोडायला उभा पाइप आणि खाली टोपण. टोपण उघडायला कुणी लक्षात ठेवत नाही, म्हणून त्याला बारीक भोक ठेवलं, आपोआप रिकामं होतं.

धाब्याचं पाणी टाकीत घेतलं नाही. धाब्यावर पांढरी माती असते, पहिल्या सरींत ती थोडी धुऊन येतेच. ते पाणी चरांत सोडलं. धाबं स्लॅबचं करून टाका असा सल्ला घरातल्या तरुणांनी दिला होता. मे महिन्यात दुपारी दोन वाजता एकदा पडवीत आणि एकदा माजघरात बसून या, मग बोला, असं आईंनी सांगितलं आणि विषय संपला. धाब्याला दर उन्हाळ्यात नवी माती आणि गवत उपटणं लागतं, तेवढं करतो.

आज अंजनाच्या वाळलेल्या काड्यांच्या बुडातून तांबूस पालवी फुटलेली दिसली.

२७ ऑक्टोबर २०२४

लॉनच्या जागी गवत. खाली मारवेलचे ठोंब, वर मुरमात पवन्या, दोन्ही शेजारच्या बांधांवरून आणलेले. यंदा पाऊस चांगला, गवत मांडीपर्यंत. मधे कुसळी शिरली आहे. तिची कुसळं धोतरात, साडीत, म्हशींच्या तोंडात, सगळीकडे. पुढच्या वर्षी ती फुलोऱ्यावर येण्याआधी कापायची.

दिवाळीच्या आत सगळं गवत विळ्याने कापून म्हशींना घातलं. वाळलेलं गवत उन्हाळ्यात घराभोवती ठेवणं म्हणजे आगीला निमंत्रण, आणि सापांची भीतीही. घरापासून पंधरा फुटांचा पट्टा बारा महिने खुरपून साफ असतो.

कुंपणाला शेराच्या कांड्या लावल्या, मधे घायपात. शेर तोडताना चिकाचा थेंब सालदाराच्या डोळ्यात उडाला. लगेच स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुतला, धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तीन दिवस पट्टी होती, नजर वाचली. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय शेराला हात लावू नका. चष्मा दीडशे रुपयांना मिळतो.

२ फेब्रुवारी २०२५

खारींनी ठिबकच्या नळ्या कुरतडल्या. वरून जाणाऱ्या नळ्यांनाच भोकं, गाडलेल्यांना नाही. आता सगळ्या वीतभर खोल गाडल्या आहेत. त्याशिवाय घराच्या सावलीत एक पसरट मातीचं भांडं पाणी भरून ठेवलं; खारी, होले आणि सातभाई तिथे येतात, कुरतडणं बरंच कमी झालं.

२० एप्रिल २०२५

जळगाव आणि नाशिकहून बागवेडे लोक बघायला आले. त्यांना ऑगस्टमध्ये यायचं होतं, मीच एप्रिल सांगितला. ऑगस्टमध्ये माझं अंगण आणि कोणाचंही अंगण सारखंच दिसतं.

फाटकातून आत आल्यावर पहिला प्रश्न: "बाग कुठे आहे?" प्रश्न रास्त होता. डाव्या हाताला कापलेलं पिवळं गवत, उजवीकडे दगडांच्या कड्यात अंजनाच्या काड्या, समोर मुरमाची वाट. मग डोळा सरावला. तरवड पिवळ्या फुलांनी भरलेला, त्यावर फुलपाखरं. निर्गुडीचं कुंपण छातीएवढं, त्याच्या आडोशाला वारा निम्मा. ओट्याशी जुना कडुनिंब मोहरलेला. पडवीतल्या बंगईवर दोघी बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. तिथून किल्ल्याची पूर्ण सोंड दिसते. ऊन पडवीच्या कडेला थांबतं, वारा कडुनिंबाखालून येतो.

मुरमात कोणतं झाड जोरात आहे? हिवर, निर्विवाद. काळीत बाभूळ, तिला दुसऱ्या वर्षापासून थेंबभर पाणी दिलेलं नाही. बहावे लहान आहेत, फुलायला वेळ आहे. सीताफळं उरली तेवढी ठीक. करवंदाची जाळी अजून जाळी म्हणावी अशी नाही. चिंच रखडली आहे. कारण कळलेलं नाही, तिला मूळ खाली नेण्यात अडचण असावी असा माझा अंदाज.

"खर्च?" दोन वर्षांत दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास. त्यातले जवळपास निम्मे टाकी आणि दोनदा केलेल्या वाटेत. झाडं आणि बी मिळून अठरा हजारसुद्धा नाहीत. पैसे कमी असतील तर चर आणि पन्हाळ आधी करा, टाकी नंतर.

नाशिकच्या एका काकांना अंजनाची शेजारी-शेजारी लावलेली जोडी दाखवली. नर्सरीची उरलेली दोन रोपं कंबरेला, शेंगेतून उगवलेलं घोट्याला. ते म्हणाले, हे घोट्याचं मी कुणाला दाखवलं नसतं. त्यांना खोटं वाटू नये म्हणून पहारीने बाजूने उकरलं. अडीच फुटांवर पहार दगडाला लागली तरी मूळ अजून जाडच होतं, तसंच बुजवलं.

जेवायला कळण्याची भाकर, शेवभाजी आणि ठेचा. भरीत हिवाळ्यातच, वांगी आता तशी मिळत नाहीत.

२९ मे २०२५

यंदा उलटंच. मेमध्येच पाऊस सुरू झाला, मान्सूनही महाराष्ट्रात मे संपायच्या आत दाखल. टाकी भरली आणि ओसंडली. जास्तीचं पाणी जायला काढलेला पाइप लहान पडला, तो चार इंची करायचा आहे. वरच्या चराचा बांध एका जागी फुटला, तिथे दगड रचून जास्तीच्या पाण्याला वाट काढली.

वॉल्व्हचं कुलूप महिनाभर उघडलं नाही, पण हे आमचं कर्तृत्व नव्हे, पावसाचं. खरी परीक्षा पुढच्या मेमध्ये.

अडचण शेंगांची झाली. अंजनाच्या शेंगा गळायला आणि पाऊस यायला एकच गाठ पडली. ओल्या गोळा केलेल्या पहिल्या पोत्याला बुरशी आली, ते टाकलं. दुसरं पडवीत चादरीवर पसरून, पंख्याखाली वाळवलं आहे. एप्रिलमध्ये ज्यांनी बी मागितलं होतं त्यांनी पंधरा जूनच्या आत येऊन न्यावं, कुरिअर करणार नाही. सोबत कापडी पिशवी आणा. रोपं तयार करून मागू नका, शेंगाच मिळतील.